एकवीसशे रुपयांचा भोपळा

तीन वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या हार्वेस्टला मी एक लाल भोपळा २१०० रुपयांना घेतला. नाशिकच्या भद्रकाली भाजीबाजारात त्या दिवशी तसला भोपळा शंभर-सव्वाशेला मिळाला असता.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकं घरात आली की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये उपकारस्तुतीची उपासना होते. जुनी माणसं तिला हार्वेस्टच म्हणतात. ज्यांची शेती आहे ते टोमॅटोचे क्रेट आणतात, कांद्याची गोणी आणतात, एखादा पाय बांधलेला गावठी कोंबडा आणतो आणि तो प्रार्थनेच्या मध्येच आरवतो. शेती नसलेले घरचा केक, अंडी, लोणच्याची बरणी आणतात. सगळं वेदीपुढे मांडलं जातं, प्रार्थना होते आणि नंतर पटांगणात लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला जातो, त्यामुळे बाजारभावापेक्षा जास्त बोली लावण्यात गैर काही नाही, उलट तीच त्यातली मजा.

भोपळा पाचशेपर्यंत हसतखेळत गेला. सातशेला बाकीचे गळाले. उरलो मी आणि आणखी एक जण. शाळेपासून मला त्याच्याशी स्वतःची तुलना करायची खोड आहे. त्याने हजार म्हटलं तशी माणसं वळून बघायला लागली. ते बघणं मला मानेमागे उन्हासारखं लागत होतं. बायकोने शर्टाची बाही ओढली. ‘अठराशे एक वार, अठराशे दोन वार’ झालं आणि मी ‘एकवीसशे’ म्हणून ओरडलो. टाळ्या पडल्या. तो हसला, हात जोडून बाजूला झाला, आणि आपण देवाला काहीतरी दिलं असं मला अगदी मनापासून वाटलं.

परत येताना भोपळा स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये धरला होता. कॉलेज रोडच्या सिग्नलला बायको मागून म्हणाली, “पाळकसाहेबांनी माइकवर तुमचं नाव दोनदा घेतलं. ऐकलंत ना?”

तिने टोमणा मारला होता. मी मात्र चटकन म्हणालो, “तीनदा.”

या ‘तीनदा’बद्दल ख्रिस्ती विचारवंतांनी फार बारकाईने लिहून ठेवलंय. चर्चमध्ये आपण ‘नम्र व्हा, नम्र व्हा’ एवढंच ऐकतो आणि त्याचा अर्थ हळू बोलणं, मागे उभं राहणं, ‘मी कसला, सगळी प्रभूची कृपा’ असं म्हणणं, इथवरच थांबतो. मूळ मुद्दा शिष्टाचाराचा नाहीच. मोठेपणाची भूक माणसाच्या विश्वासालाच कुठून पोखरते, असा तो आहे.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू अशा लोकांबद्दल बोलतो जे दानधर्म करताना पुढे कर्णा वाजवतात. तो त्यांना शिक्षेची धमकी देत नाही. तो एवढंच म्हणतो, की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी हे एक) मूळ ग्रीक मजकुरात तिथे जे क्रियापद आहे, तेच त्या काळच्या व्यापारी पावत्यांवर ‘पूर्ण रक्कम पावली’ या अर्थाने लिहिलं जायचं. वाक्य म्हणूनच बोचतं. माझे एकवीसशे गेले, टाळ्या मिळाल्या, तीनदा नाव आलं, पावती फाडली, हिशेब मिटला. देवाकडे त्यातलं काहीच जमा झालं नाही.

इथवर नुकसान फक्त पुण्याचं वाटेल. योहानाच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायात येशू याहून कडक बोलतो. तुम्ही एकमेकांकडून मोठेपणा घेता, मग तुम्हाला विश्वास ठेवता तरी कसा येईल, असा त्याचा प्रश्न आहे. ‘विश्वास ठेवत नाही’ असं तो म्हणत नाही, ‘कसा येईल’ असं विचारतो. म्हणजे ही अडचण यंत्राच्या बिघाडासारखी आहे, स्वभावाच्या दोषापुरती नाही.

ती अशी. ख्रिस्ती समजुतीत विश्वास म्हणजे देवाकडून फुकट मिळणारं घेणं. त्यासाठी हात मोकळा लागतो आणि आपल्याजवळ काही नाही हे कबूल करावं लागतं. प्रतिष्ठेचं काम बरोबर उलटं चालतं. आपल्याजवळ काय काय आहे ते सतत दाखवत राहावं लागतं. शिवाय प्रतिष्ठा ही भाकरीसारखी नसते. भाकरी माझं पोट भरते आणि शेजाऱ्याचंही भरू शकते. पहिल्या रांगेतली खुर्ची मात्र मला मिळाली तर ती शेजाऱ्याला मिळत नाही, आणि सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवलं तर तिची किंमतच उरत नाही. म्हणजे मी उंच दिसायला कुणीतरी ठेंगणं असणं मला गरजेचं होतं. आता त्याच शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा मी पाळणार कशी? भोपळ्याच्या दिवशी समोरचा हरला याचा मला आनंद झाला होता. तो माझ्याबरोबर एकाच भाकरीचं प्रभुभोजन घेतो.

शिष्यांचीही यातून सुटका झाली नव्हती, हा मला मोठा दिलासा वाटतो. याकोब आणि योहान येऊन येशूला म्हणतात, तुझ्या गौरवात एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. मार्काच्या मते त्यांनी स्वतःच विचारलं. मत्तयाच्या वृत्तान्तात त्यांची आई विचारते. (मुलासाठी शब्द टाकणारी आई! ही ओळख पटायला पॅलेस्टाईनला जायची गरज नाही.) बाकीचे दहा जण चिडले. त्यांना त्या मागणीची लाज वाटली म्हणून ते चिडले असं मला कधीच वाटलं नाही. आपल्या आधी यांनी नंबर लावला, हा राग होता. लूक तर सांगतो की शेवटच्या भोजनाच्या मेजावरही आपल्यात मोठा कोण यावर त्यांचा वाद झाला. योहानात त्याच रात्री येशू कमरेला टॉवेल बांधून त्यांचे पाय धुतो.

आता प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राकडे, कारण सगळ्यात नेमकं उत्तर तिथे आहे. फिलिप्पै हे मॅसिडोनियातलं शहर, रोमन वसाहत. इ.स.पू. ४२ मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि नंतर निवृत्त रोमन सैनिकांना तिथे जमिनी देऊन वसवलं गेलं. रोमन समाजात माणूस कोणकोणत्या पदांवर होता, त्याची यादी दगडावर कोरायची रीत होती, आणि अशा वसाहतीत तर त्याचं भारीच वेड. आपल्याकडे फ्लेक्स लागतात, तिथे शिलालेख लागायचे, म्हणजे टिकाऊपणात ते आपल्या पुढे होते.

अशा गावातल्या मंडळीला पौल लिहितो, की काहीही पोकळ डौलासाठी करू नका. ‘पोकळ डौल’ हे मराठी भाषांतर फार सुरेख आहे. मूळ शब्द केनोदॉक्सिया. ‘केनोस’ म्हणजे रिकामं आणि ‘दॉक्सा’ म्हणजे गौरव. चारच ओळी पुढे तो ख्रिस्ताबद्दल लिहितो, की तो देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केलं. इथलं क्रियापद ‘एकेनोसेन’. तेच ‘केनोस’. मराठीत एक शब्द पोकळ आणि दुसरा रिक्त झाल्यामुळे हे नातं आपल्या नजरेतून निसटतं. पौलाने मात्र दोन रिकामेपणं मुद्दाम समोरासमोर ठेवलीत असं वाटतं. एक बाहेरून भरलेलं दिसतं आणि आत काही नसतं. दुसरं आतून इतकं भरलेलं आहे की सगळं ओतून टाकायला त्याला भीती वाटत नाही.

मग पौल ख्रिस्ताच्या पदांची यादी देतो आणि ती यादी खाली खाली जाते. देवाच्या बरोबरीचा, मग दास, मग माणूस, मग मरण, आणि मरण तरी कसलं, वधस्तंभावरचं. रोमन जगात वधस्तंभ ही मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. सभ्य नागरिकाच्या कानावर तो शब्दसुद्धा पडू नये, असं सिसेरो या रोमन वक्त्याने म्हटलं होतं. फिलिप्पैच्या माणसाने हे वाचलं तेव्हा त्याला आपल्या वेशीवरचा एखादा शिलालेख कुणीतरी उलटा लावल्यासारखं वाटलं असेल. ‘म्हणून देवाने त्याला अत्युच्च केलं’ हे वाक्य त्यानंतर येतं, आणि ते देवाने केलं आहे. त्याने स्वतः लावलेली ती बोली नव्हती.

या सिसेरोवरून एक मजेशीर प्रसंग आठवला. इ.स. ४१०च्या सुमारास दिओस्कोरस नावाच्या एका तरुण विद्यार्थ्याने उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या बिशपला, म्हणजे ऑगस्टीनला, सिसेरोच्या संवादांवरचे ढीगभर प्रश्न पाठवले आणि लवकर उत्तरं मागितली. घाई कशाची? तो परगावी निघाला होता आणि तिथे कुणी विचारलं तर उत्तर आलं नाही म्हणून लोक आपल्याला मठ्ठ समजतील, अशी त्याला धास्ती होती. परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड मागणाऱ्या पोरासारखा. ऑगस्टीन चिडला, पण त्याने उत्तर लांबलचक दिलं. त्यात तो म्हणतो, की डेमॉस्थेनिस या ग्रीक वक्त्याला वक्तृत्वात पहिलं महत्त्वाचं काय असं विचारलं तर तो म्हणाला, बोलण्याची ढब. दुसरं काय, तर ढब. तिसरं काय, तर ढब. तसं देवाकडे जाण्याच्या वाटेवर पहिली नम्रता, दुसरी नम्रता, तिसरी नम्रता, आणि जितक्या वेळा विचारशील तितक्या वेळा मी हेच सांगेन.

याच पत्रात त्याने कारणही दिलंय, आणि ते मला भोपळ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. बाकीच्या पापांची भीती वाईट कामात असते, गर्वाची भीती चांगल्या कामात बाळगावी लागते. चोर चोरी करताना सावध असतो. दान देणारा सावध नसतो.

कांद्याचं सांगितल्याशिवाय नाशिकच्या माणसाचा लेख पुरा होत नाही, त्यामुळे तेही सांगतो. पाचव्या शतकात जॉन कॅसियन नावाच्या संन्याशाने मिसरच्या वाळवंटातल्या वडीलधाऱ्या साधूंची शिकवण लिहून ठेवली. तिथले वृद्ध साधू पोकळ डौलाला कांद्याची उपमा द्यायचे. एक पापुद्रा काढा, खाली दुसरा, तो काढा, खाली तिसरा. चांगले कपडे घालून माणूस फुशारतो. ते सोडून गोणपाट नेसला तर गोणपाटाचा डौल येतो. छान बोलतो याचा गर्व, आणि मौन धरलं तर मौनाचा. बाकीचे दुर्गुण हरले की निघून जातात, हा मात्र हरल्यावर त्या हरण्याच्या बक्षीस-समारंभाला पहिल्या खुर्चीवर येऊन बसतो. लासलगावच्या बाजारात कांदे ओतताना मी पाहिले आहेत, शहाण्यासारखं कुणी त्यांना सोलत बसत नाही. हाताने सोलून गर्व संपत नाही, असाच त्या साधूंचाही अनुभव होता. आपल्याच आत पाहत राहिलं की आणखी पापुद्रे सापडतात आणि डोळ्यांत पाणी येतं, एवढंच. नजर दुसरीकडे जावी लागते.

मोठमोठ्या संस्थांचीही यातून सुटका नाही. सहाव्या शतकाच्या शेवटी पोप पहिला ग्रेगरी याने कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मगुरूच्या भारदस्त पदवीवर आक्षेप घेतला आणि स्वतःला ‘देवाच्या दासांचा दास’ म्हणवून घेतलं. उत्तम केलं. पुढे ती पोपची अधिकृत पदवीच होऊन बसली. कांदा!

आता एक गोष्ट जरा थांबून बोलायला हवी, कारण नम्रतेच्या शिकवणीचा सगळ्यात मोठा गैरवापर इथेच होतो. आधीच खाली दाबलेल्या माणसाला ‘नम्र हो’ म्हणणं सोपं असतं. मालक नोकराला म्हणतो, सासू सुनेला म्हणते, आणि आमच्या चर्चमध्येही कमिटीवाले झाडलोट करणाऱ्या बाईला म्हणाल्याचं मी ऐकलंय. नाशिकमध्ये राहून हा घोटाळा करणं तर अक्षम्य आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच गावात काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दार उघडा म्हणणारी ती माणसं प्रतिष्ठेच्या मागे लागली होती असं म्हणता येईल का? पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांनी मागितली नव्हती. माणूस म्हणून जे मुळातच त्यांचं होतं ते अडवू नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यात दुसरा कुणी ठेंगणा व्हायची गरज नव्हती.

आदर आणि डोकं तोलणारा तो अवयव, दोन्हींना मराठीत ‘मान’ हा एकच शब्द आहे. लूकाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कंबरेत वाकलेली एक बाई येते. येशू तिला ‘अशीच लीन राहा’ म्हणत नाही, तो तिला सरळ उभी करतो. लीनता आणि वाकवलं जाणं यात फरक आहे. पहिली माणूस आपणहून पत्करतो, दुसरं त्याच्यावर लादलं जातं. फिलिप्पैकरांस पत्रातला ख्रिस्तही स्वतःच स्वतःला रिक्त करतो, कुणी त्याला रिकामा करत नाही.

शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. शरणपूर हे नाव कुठून आलं, ते त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही तिथे आसरा दिला, शिकवलं. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत आजच्या झांबियात वारला तेव्हा जेकबने प्रार्थना वाचली, झाडावर त्याचं नाव कोरलं, आणि सोबत्यांसह कित्येक महिने चालत ते प्रेत किनाऱ्यापर्यंत आणलं. जेकब त्याबरोबर इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्या मानकऱ्यांमध्ये उभा राहिला. तिथल्या फरशीवर लिहिलंय, की विश्वासू हातांनी जमीन आणि समुद्र ओलांडून याला इथे आणलं. हातांचा उल्लेख आहे, नावं नाहीत.

प्रवचनात हे उदाहरण ‘पाहा किती ही नम्रता’ म्हणून सांगितलं तर टाळ्या मिळतील. मला ते पटत नाही. फरशीवर नावं न कोरणं हा त्यांचा निर्णय नव्हता, दुसऱ्यांचा होता. त्यांची नम्रता पाहायची असेल तर ती त्या महिन्यांच्या चालण्यात पाहावी. तिथे बघायला कुणी नव्हतं, माइक नव्हता, आणि ओझं मात्र रोज होतं. नाव वगळल्याचा दोष ज्यांनी कोरलं त्यांच्याकडेच राहू दे.

मग नम्रता कुठे शिकवली जाते? माझ्या मते प्रवचनात फारच थोडी. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत लांबलांबून माणसं येतात आणि एका लहान मुलाच्या मूर्तीपुढे मेणबत्त्या लावतात. देव बाळ होऊन आला, म्हणजे ज्याला स्वतःच्या मानपानाची अजून गंधवार्ता नाही अशा रूपात आला. मोठा कोण यावरून शिष्य भांडले तेव्हाही येशूने एका मुलाला मध्ये आणून उभं केलं. मुलं निष्पाप असतात म्हणून नव्हे (ज्यांच्या घरात दोन मुलं आहेत ते हसतील), तर त्या समाजात मुलाला काही दर्जा नव्हता, आणि अशाला कवटाळल्याने तुमची पत वाढत नाही, म्हणून.

भोपळ्याची घारगी आम्ही आठवडाभर खाल्ली. चांगली झाली होती. भ्रमाचा भोपळा तेवढ्यात फुटला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

पुढच्या वर्षीच्या हार्वेस्टला मी शहाणपणा केला. लूकाच्या चौदाव्या अध्यायात येशू सांगतो, मेजवानीला गेलास की शेवटच्या जागेवर बस. मी पटांगणात अगदी शेवटच्या रांगेत, निंबाखाली खुर्ची घेऊन बसलो. एकही बोली लावली नाही. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं, की मी पुढच्या रांगेकडे पाहतोय. त्या अध्यायातल्या यजमानासारखं कुणीतरी वळून ‘अहो, तुम्ही मागे कसे? वर या ना’ म्हणेल याची मी वाट पाहत होतो. कुणी वळलं नाही. भोपळा साडेतीनशेला दुसऱ्याच कुणी घेतला.

तेवढ्यात मागच्या बाजूने, जिथे जेवणाची भांडी चालली होती तिथून, महिला मंडळाच्या एका मावशी ओरडल्या, “ओ दादा, रिकामेच बसलाय ना? मग या इकडे, पातेलं उचलायला माणूस कमी पडतोय.”

पातेलं भाताचं होतं, चांगलंच गरम. एका बाजूला मी धरलं. दुसऱ्या बाजूला फडकं घेऊन कोण वाकलंय हे पाहिलं, तर भोपळ्यावर माझ्याशी बोली लावणारा तोच होता.

“तुझ्याकडून सांभाळ,” तो म्हणाला. “इकडून कान तुटलाय.”

आम्ही ते पटांगणापर्यंत नेलं.